कबुलीनंतरच गिअरबॉक्स

गोखिवऱ्याच्या हरेशदादांच्या गॅरेजात ऑटोमॅटिक गाडी दुरुस्तीला नेली की आधी गाडीची नव्हे, मालकाची तपासणी होई. "पान्यातून नेली का?"

"छे हो! कशाला नेऊ?"

वसईत दर पावसाळ्यात रस्ते बुडत, पण दादांसमोर उभा राहणारा एकही माणूस कधी पाण्यातून गेलेला नसे. गाडी घेतल्याचे पेढे सगळ्या बिल्डिंगला वाटलेले असत. ती पोहवल्याचं मात्र बायकोलाही सांगितलेलं नसे. दादा मुकाट गाडीखाली शिरत आणि गिअरबॉक्समधलं थोडं तेल ग्लासात काढून मालकाच्या नाकासमोर धरत. लाल असायचं ते तेल पाणी मिसळून गुलाबी, दुधाळ झालेलं असे. "ही सोलकढी कोनी केली?" कबुली मिळेपर्यंत ते हत्यार उचलत नसत.

भुईगावच्या माझ्या मित्राने, पास्कलने, "गाडी धुताना पाणी गेलं असेल" असं सांगून पाहिलं.

"पास्कल, फादरला सांगतोस तसं सांग," दादा म्हणाले. "फरक येवढाच, फादर माफ करतो, मी नाय करत."

पास्कल चहा पिऊन झाल्यावर कबूल झाला. मग तासभर त्याला शिकवणी मिळाली.

दादांची स्वतःचीही ऑटोमॅटिक होती. आभाळ भरून आलं की ती उंच ओट्यावर, ताडपत्रीखाली जाई. घरची माणसं भिजत गेली तरी चालत.

एका पावसाळ्यात भरदुपारी त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, श्वास घेता येईना. रस्त्यावर गुडघाभर पाणी, एकही रिक्षावाला यायला तयार नाही. दादांनी ताडपत्री ओढून फेकली, वहिनींना मागे बसवलं. शेजारी राहणारा मी धावत आलो होतो, तो त्यांना धरून बसलो. मला भयंकर भीती वाटत होती. पाण्याच्या कडेला गाडी थबकली, तर धापा टाकत वहिनीच म्हणाल्या, "अवो, तुमचा गिअरबॉक्स!"

"मरू दे त्याला." दादांनी गाडी पाण्यात घातली.

वहिनी वाचल्या. गाडी मात्र आठवड्याभरात बसली. इंजिन बोंबलायचं, चाक हलायचं नाही. ती ढकलत गॅरेजात आणली तेव्हा दादांची बोलणी खाल्लेली सगळी मंडळी सणाला यावी तशी जमली होती. आता दादा कोणती थाप मारतात, हे ऐकायला पास्कल तर सुट्टी टाकून आला होता.

"मग दादा, काय झालं गाडीला?"

दादांनी गाडीखालून डोकं बाहेर काढलं.

"पान्यातून नेली," ते म्हणाले. "वेळ आली तर परत नेन."