मागच्या पानावरची शेती

देवरावकाकाजी बडनेरा जंक्शनवर पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांसाठी रूळ बदलणारे, होते. नोकरीत असल्यापासून त्यांना सोयरिकी जुळवायचा नाद. रेल्वेचा पास खिशात, त्यामुळे अकोला म्हणू नका, मूर्तिजापूर म्हणू नका, कुठल्याही बौद्ध घरी ते बरोबर चहाच्या वेळेला हजर. माझे वडील त्यांच्याच हाताखाली होते. माझ्या दोन आत्यांची लग्नं काकाजींनीच जमवली.

त्यांच्याकडे एक जाड रजिस्टर होतं. एका मुलाला किंवा मुलीला एक पान. पुढच्या बाजूला आधी आईचं नाव, मग बापाचं. घरातल्या आजारी माणसाचं कोण करतं. मुलगा चिडला की काय करतो. शेजारी त्याच्याबद्दल काय बोलतात. शिक्षण आणि कामधंदा मात्र पानाच्या मागच्या बाजूला. रजिस्टर ते कोणाच्या हातात देत नसत. मांडीवर ठेवून वाचत.

"देवराव, आधी पोरगा काय करते ते सांग ना," लोक म्हणायचे.

"सांगतो ना बावा. पयले चहा तर येऊ द्या. का चहा बी नोकरी पाहूनच देता?"

हसणं व्हायचं, चहा यायचा. समोरचे "अजून सांगा" म्हणाले की मगच पान उलटायचं. तोवर त्या घराला मुलगा अर्धा आपला वाटू लागलेला असे. त्या वर्षांत शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. तरी काकाजींनी अशा मुलांची लग्नं लावून दिली ती या एका युक्तीवर.

२०१० साली मी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. काकाजींचे गुडघे गेले होते. मीच म्हटलं, तुमच्या रजिस्टरची वेबसाइट करू, तोच माझा प्रोजेक्ट. आमच्या सरांनी अट घातली की वेबसाइटचा मजकूर सांभाळणाऱ्या तीन प्रणालींची तुलना करून एक निवडायची. मी वर्डप्रेस, जूमला आणि द्रुपल घेतल्या.

वर्डप्रेस सोपं होतं. एका मुलाचं एक पान लिहायचं, वाचणाऱ्याने वरून खाली वाचत जायचं. काकाजींनी ते दोन दिवसांत शिकून घेतलं. जूमला मधलं. द्रुपल अवघड, पण त्यात प्रत्येक माहितीला वेगळा रकाना करता येई आणि त्या रकान्यावर फिल्टर लावता येई. पुण्याच्या कंपन्यांच्या जाहिरातीत तेव्हा द्रुपल येणारी माणसं हवी असत.

मी शंभर गुणांचा तक्ता केला. पहिल्या वेळी वर्डप्रेस वर आलं. मग "रोज वापरणाऱ्याला सोपं" याचे गुण मी पंचवीसवरून दहावर आणले आणि "शोध व फिल्टर" याचे वाढवले. द्रुपल जिंकलं. सरांनी शाबासकी दिली.

काकाजींना मी पडद्यावर दाखवलं. वर चार चौकटी: वय, शिक्षण, जिल्हा, व्यवसाय. "नोकरी"वर टिचकी मारली. एकशे बारा मुलांपैकी एकाहत्तर उरले.

"बाकीचे एक्केचाळीस कुठं गेले?"

"ते शेतीवाले. आहेत काकाजी, फक्त दिसत नाहीत."

"म्हणजे पान उलटायची गरजच नाई," ते म्हणाले. मला ते कौतुक वाटलं. मी हसून मान डोलावली.

त्याच महिन्यात काकाजी तेल्हाऱ्याच्या प्रीतमसाठी अकोल्याच्या खुशालरावांकडे जाऊन येत होते. प्रीतमची सहा एकर कपाशी. वय एकोणतीस. गावातली कोणाचीही मोटर बंद पडली की हा पाना घेऊन जायचा. त्याच्या आजीला दिसत नव्हतं. तिला रोज अंघोळीचं पाणी तोच काढून द्यायचा. मोटर आणि आजी पुढच्या बाजूला, कपाशी मागच्या. तीन भेटींत खुशालरावांची मुलगी भावना आणि तिची आई, दोघी ऐकत बसायला लागल्या होत्या. सोमवारी मुलगा बघायला घेऊन या, असा निरोप आला.

रविवारी खुशालरावांनी जवळच्या सायबर कॅफेत वेबसाइट उघडली. माझ्यासमोरच काकाजींना फोन आला.

"देवराव, तुमच्याच साइटीवर तुमचा पोरगा नाई."

"हाये ना भाऊ. कोणती चौकट दाबली?"

"नोकरीची. दुसरी कोणती दाबू? इथं अकोला जिल्ह्याचेच अकरा जण दिसून राहिले. तुमी आमाले शेतीवाला कावून दाखवून राहिले होते?"

काकाजी म्हणाले, सोमवारी येतो, ऐकून तर घ्या. खुशालराव म्हणाले, आता काय ऐकायचं.

मी त्याच दिवशी ती चौकट काढून टाकली. आठवडाभरात लोकांचे फोन सुरू झाले, ते नोकरीचं बटण कुठं गेलं म्हणून. एकदा हाताला लागलेली सोय लोकांनी सोडली नाही. काकाजी कोणाच्या घरी गेले तर आता दारातच पहिला प्रश्न तोच. चौकट मी पुन्हा लावली. काकाजींना न विचारता. प्रोजेक्टची परीक्षा जवळ आली होती आणि बाहेरून येणारे परीक्षक फिल्टरच बघणार होते.

मला पुण्यात नोकरी लागली. मुलाखतीत त्याच साइटबद्दल विचारलं.

पुढच्या वर्षी प्रीतमचा फोन आला. रांजणगावला एका कारखान्यात सिक्युरिटीत लागला होता, अकरा महिन्यांच्या करारावर. "ताई, त्या रकान्यात आता नोकरी लिहा ना. लगन जमलं का मी वापस जातो वावरात. तिकडं आई एकटी समदं पाहून राहिली."

मी "खासगी नोकरी, पुणे" असं लिहिलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. पंधरा दिवसांत चार घरांचे फोन आले.

सुट्टीत घरी आले तेव्हा काकाजींनी बोलावून घेतलं. "प्रीतमले चार स्थळं आले. काय केलं तू?"

मी सांगितलं. ते गुडघा चोळू लागले.

"लगन झालं, अन् दोन महिन्यानं त्यानं पोरीले म्हटलं चाल तेल्हाऱ्याले, तं तिनं कोणाले विचाराचं? मले? का तुह्या साइटीले?" मग म्हणाले, "उद्या मूर्तिजापूरले जातो चतुराबाईच्या घरी, तिच्या पोरीसाठी. तू सोबत चाल. लिहिलं तू, सांगायचं बी तूच."

चतुराबाई विधवा. अंगणवाडीत मदतनीस. घर नीट सारवलेलं. मुलीने पाणी आणून दिलं आणि आत न जाता तिथंच दाराशी उभी राहिली. काकाजींनी माझ्याकडे बघितलं.

"मुलगा शेती करतो," मी म्हणाले. "नोकरी खरी आहे, पण कराराची. तो परत गावाला जाणार आहे. ते मी लिहिलं नाही."

"मंग काय लिहिलं?"

"जे वाचून तुम्ही फोन कराल ते."

चतुराबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. काकाजींनी पिशवीतून रजिस्टर काढून मांडीवर घेतलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. चांगलाच असन पोरगा. पण आता तुमी काही बी वाचलं तरी मी मागचंच पान शोधत बसन."

चहा झाला. आम्ही उठलो.

स्टॅंडवर येतो तोच काकाजींच्या मोबाइलवर प्रीतमचा फोन आला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"काय म्हणे ताई?"

"नाही म्हणाल्या."

"कावून? नोकरी लिहिली होती ना?"

"मी सांगितलं त्यांना शेतीचं."

पलीकडे कारखान्याचा भोंगा वाजला. मला वाटलं, आता प्रीतम शिवी देईल. द्यावी असंही वाटलं.

"बरं," तो म्हणाला. "बाकीच्या तिघाइले बी सांगून टाका मंग. माह्याच्यानं नाई होणार."

मी त्या तिघांना फोन केले. एकेकाला, स्वतः. तिघांनीही तेच उत्तर दिलं. प्रीतमचा करार दोनदा वाढला. सहा एकर आता बटईने, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलेत.