एकट्याची वाट आणि तीन चिठ्ठ्या

लिफ्टकाकांचं आयुष्य वर-खाली करण्यात गेलं होतं. आडवं कुठं जायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती. अठ्ठावीस वर्षं लिफ्टदुरुस्तीचं काम. शाफ्टच्या अंधारात, तोंडात बॅटरी धरून, ग्रीसनं बरबटलेल्या तारांशी झटापट चालू असायची, आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून विचारायचं, "काका, झालं का?" हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा ऐकला होता, की घरी दाढी करतानासुद्धा ते मधेच "दहा मिनिटं" असं पुटपुटत.

एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी माउंटन बाइक घेतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, ढेरीसाठी असेल. ढेरी होतीच, पण कारण वेगळं होतं. काकांना दोन तास असे हवे होते, की ज्यात कुणी काही विचारणार नाही. दुर्दैवानं सायकल घेतल्याबरोबर त्यांना एका रविवारच्या गटानं पकडलं. हे लोक दहा मिनिटं पॅडल मारत आणि पंधरा मिनिटं थांबून गुडघ्यांवर परिसंवाद भरवत. सहा महिन्यांत काकांना आठ जणांच्या सोळा गुडघ्यांचा इतिहास तोंडपाठ झाला.

म्हणून या सुट्टीत डोंगरातल्या लॉजवर सहा दिवस जायचं ठरलं, तेव्हा काकांनी सायकल गाडीच्या टपावर बांधली आणि हळूच बायकोला सांगितलं, "एक सकाळ मी एकटा जाणार."

बायको शाळेत गणित शिकवायची आणि परीक्षेच्या दिवसांत तिच्या नजरेनं निम्म्या कॉप्या खिशातल्या खिशात विरघळायच्या. ती म्हणाली, "जा की. पण वाट कुठली, किती लांब, पडलात तर कोण उचलणार, हे आधी कागदावर दाखवा. आणि अकराच्या आत परत. एक मिनिट उशीर झाला, तर पुन्हा एकट्यानं जायचं नाव काढायचं नाही."

"आणि सायकल मला द्यायची," मागच्या सीटवरून मेहुणा बोलला. तो विम्याच्या कंपनीत होता आणि प्रत्येक गोष्टीत पडून-झडून काय काय होऊ शकतं, ते त्याला पाठ होतं. "भाऊजी, एकट्यानं चढणाऱ्यांचे दावे आमच्याकडे किती येतात माहितीये?"

"तुझ्याकडे एकट्यानं अंघोळ करणाऱ्यांचेही येतात," बायको म्हणाली. "म्हणून तू अंघोळ सोडलीस का?"

म्हणजे पणाला काय लागलं, ते स्पष्ट होतं. एक सकाळ, आणि तिच्यामागे पुढच्या सगळ्या सकाळी.

पहिले दोन दिवस काका वाटा शोधत होते. नकाशावर 'सोपी' म्हणून हिरव्या रंगात दाखवलेली पहिली वाट प्रत्यक्षात एकशे चाळीस पायऱ्यांची निघाली. दुसरी सुरेख होती, पण ती एका फाटकाशी संपत होती आणि फाटकाआड दोन कुत्री होती, ज्यांना सायकलींविषयी ठाम मतं होती. काकांनी ती मतं लांबूनच ऐकली.

शेवटी ते बाजारातल्या सायकलदुकानात गेले. दुकानवाल्या बाई चाकाची तार आवळत बसल्या होत्या. त्यांनी काकांना आधी सायकलवर बसवून दुकानासमोर आठाचा आकडा काढायला लावला, मग म्हणाल्या, "गटात जाताना जी वाट तुम्हाला जमते ना, एकट्यानं जाताना तिच्याहून एक पायरी खालची घ्यायची. आधी चढ, मग उतार. दमल्यावर डोंगरानं घरी आणून सोडलं पाहिजे."

"आणि पडलो तर?"

"मधे कुठंतरी गाडीरस्ता जवळ हवा. फोनला रेंज हवी. आणि वाट गोल हवी, म्हणजे परत येताना कुठं वळायचं हा घोळ नाही." त्यांनी ग्रीसच्या बोटानं काउंटरवर एक गोल काढला. "दूधकेंद्रापासून वर पाण्याच्या टाकीपर्यंत, तिथून ओढ्यानं खाली रोपवाटिका, की आलात लॉजवर. ओढ्यापाशी तेवढी रेंज जाते. बाकी निवांत."

काका ती वाट संध्याकाळी पायी चालून आले. कुठं खडी सुटी आहे, कुठं मुळं वर आली आहेत, ते त्यांनी लिहून घेतलं. बायकोनं कागद तपासला, 'ओढा' या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि सही केली.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं झालं. पुढं काकांमधला मिस्त्री जागा झाला.

लिफ्टच्या धंद्यात एक नियम असतो. शाफ्टमध्ये उतरायच्या आधी वर एकाला आणि खाली एकाला सांगून ठेवायचं, की मी आत आहे आणि अमुक वाजेपर्यंत बाहेर येईन. अठ्ठावीस वर्षांत काकांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता आणि म्हणूनच ते हातीपायी धड होते. डोंगरही एक प्रकारचा शाफ्टच, असं म्हणून त्यांनी तीन चिठ्ठ्या लिहिल्या आणि दूधकेंद्रवाल्याला, टाकीवरच्या वॉचमनला आणि रोपवाटिकेतल्या माळ्याला एकेक नेऊन दिली. 'निळं हेल्मेट, मध्यम बांधा. इतक्या वाजता इथून गेलेलो दिसलो नाही, तर खालील नंबरवर कळवावे.' नंबर बायकोचा. बायकोला सांगितलं नाही, उगाच घाबरेल.

वेळा काढताना मात्र त्यांनी हिशोब रविवारच्या गटाच्या चालीनं धरला. त्यातले गुडघे वजा करायचे राहिले.

सकाळी आठला काका निघाले. दूधकेंद्राची वेळ होती आठ वीस. काका आठ आठलाच तिथून पसार झाले. आठ वीसला दूधकेंद्रवाला चिठ्ठी हातात घेऊन बाहेर आला, दोन्ही बाजूंना बघितलं आणि फोन लावला. टाकीवर तोच प्रकार. वॉचमन आत व्हॉल्व फिरवत होता. तो नवाच्या ठोक्याला बाहेर आला, तेव्हा काका टाकी ओलांडून केव्हाच उताराला लागले होते.

काका खूश होते. चढावर छातीचा भाता झाला होता, पण तो त्यांचा स्वतःचा भाता होता, त्यावर कुणी मत देत नव्हतं. ओढ्यापाशी ते उतरले, बूट काढले, पाय पाण्यात सोडले. पाण्याचा आवाज होता, एक पक्षी तेच तेच वाक्य पुन्हा म्हणत होता, आणि उत्तर देण्याची जबाबदारी काकांवर नव्हती. ते तिथं तासभर बसले. नऊ चाळीस वाजता खाली रोपवाटिकेतल्या माळ्यानं घड्याळ पाहिलं आणि तिसरा फोन गेला.

बरोबर दहा पन्नासला काका लॉजवर पोहोचले. खोलीला कुलूप. मॅनेजर पुस्तकातून मान वर काढून म्हणाला, "अहो, तुम्ही सापडलात? बाई आणि त्यांचे भाऊ तुम्हालाच शोधायला गेलेत. गाडीनं टाकीपर्यंत, तिथून चालत खाली."

निवांतपणासाठी मुका करून ठेवलेला फोन काकांनी आता पाहिला. सतरा मिस्ड कॉल. त्यांनी उलट फोन लावला. आता बायको ओढ्यापाशी होती, रेंजच्या बाहेर. काकांनी सायकल वळवली आणि दमल्यावर ज्या डोंगरानं घरी आणून सोडलं होतं, तोच डोंगर उलट्या बाजूनं चढायला घेतला.

रोपवाटिकेपाशी ते सगळे भेटले. बायको एका उलट्या कुंडीवर बसून पाणी पीत होती. मेहुण्याची पॅन्ट मांडीपर्यंत भिजली होती. शेवाळावरून घसरून तो ओढ्यात बसला होता. माळी चिठ्ठी आणि काका आलटून-पालटून पडताळत होता.

"बांधा मध्यम लिहिलाय," तो म्हणाला. "मी याहून बारीक माणूस शोधत होतो."

"ताई, सव्वाअकरा," मेहुणा घड्याळ दाखवत म्हणाला.

"मी दहा पन्नासला दारात होतो," काका धापा टाकत म्हणाले. "मुलगा वेळेत वर्गात आला आणि बाईच जागेवर नाहीत, तर नापास कुणाला करायचं?"

बायकोनं ओठ आवळले. हसू दाबताना ती असंच करायची, हे काकांना ठाऊक होतं, तरी त्यांनी सायकल मेहुण्यापासून जरा लांब सरकवली.

"तीन परक्या पुरुषांनी सकाळी मला फोन करून माझ्या नवऱ्याचं वर्णन वाचून दाखवलं," ती म्हणाली. "तिसऱ्यानं तर विचारलं, बाई, हे नक्की तुमचेच ना?"

"अगं, काळजी म्हणून…"

"तेच. एवढा घाबरट माणूस हरवत नाही." तिनं भावाच्या पॅन्टकडे पाहिलं. "हरवतात आणि पडतात ते दुसऱ्यांना आकडे सांगणारे. जा उद्या. परवाही जा. फक्त मला सांगून जा. गावाला कळवायची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी काका गेले आणि आले, आणि कुणाला काही कळलं नाही. फक्त माळ्यानं कुंपणाआडून त्यांना पाहिलं आणि मुद्दाम पाठ फिरवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते सायकलला हवा भरत होते, तेव्हा बायको बुटाच्या नाड्या बांधत दाराशी आली. "आज तुम्ही थांबा. त्या ओढ्यापर्यंत मी चालत जाऊन येते."

"कुणाबरोबर?"

"एकटी. परवा तुमच्या काळजीत नीट बघायचं राहिलं. पंचवीस वर्षं चाळीस मुलांच्या वर्गात उभी आहे मी. मलाही वाटतं की हो."

काकांनी तिच्या पिशवीत पाण्याची बाटली सरकवली आणि खडी कुठं सुटी आहे तेवढं सांगितलं. ती वळणाआड गेल्यावर ते पायरीवर बसले. दहा वाजले, सव्वादहा वाजले. मेहुणा बाहेर आला, शेजारी टेकला आणि म्हणाला, "भाऊजी, ताईला एक फोन लावू का?"

"लावू नकोस," काका म्हणाले. त्यांची नजर रस्त्यावरच होती. "बसू दे तिला."