मुहूर्ताची फळी

हे मी बायकोलाही सांगितलेले नाही. मामा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसलो होतो, तेव्हाही बोललो नाही. आज तुम्हाला सांगतो आहे. आजच का, ते मलाही नीट कळलेले नाही. गावात दोघांत वाद झाला की साक्षीला मला बोलावतात. महादू हळू बोलतो पण खरे बोलतो, म्हणतात. ते ऐकले की मस्तकात जाळ होतो. कुणावर ओरडू? ते बिचारे विश्वासाने बोलत असतात.

धावडा हे मातीच्या धाब्यांचे गाव. पत्र्याचे छप्पर पहिल्यांदा चढले ते पाटलांच्या घरावर, आणि त्याचे सगळे लाकूडकाम माझ्या मामांनी केले. मी पोरका, मामांनीच मला वाढवले, सुतारकी शिकवली. छपराच्या कडेला वाशांची टोके झाकायला जी फळी ठोकतात, ती वळचणीची फळी. त्यांतली दारावरची ती मुहूर्ताची. वास्तुशांतीला तिला नारळ बांधतात, ती ठोकणाऱ्या सुताराला पागोटे बांधतात, आणि तो सुतार जिवंत असेतो ती फळी कुणी काढत नाही. काढली तर भर चौकात त्याचे पागोटे उतरवल्यासारखे होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी पाटलांनी छपराला पन्हळी लावायचे ठरवले. पत्र्यावरचे पाणी पायथ्याशी पडून भिंत खचत चालली होती. पन्हळीचे काम उस्मानभाईंकडे होते. पत्र्याचे कारागीर, गावातच बिऱ्हाड, वयाने माझ्याहून थोरले, तोंडाचे फटकळ, हाताचे साफ. पन्हळ लटकते ती वळचणीच्या फळीला, म्हणून आधी फळ्या तपासायच्या, कुजलेल्या बदलायच्या — ते काम माझे. आणि आमच्याकडची रीत अशी, की सुताराने एकदा ‘पक्की’ म्हटले की पत्र्याचा कारागीर ती फळी पुन्हा ठोकून पाहत नाही. पाहिली तर तो सुताराचा अपमान. त्याच्या शब्दावर हूक मारायचे.

मी शिडीवर होतो. मामा ओट्यावर बसलेले — दृष्टी अधू झाली होती, कान मात्र शाबूत. एकेक फळी हातोडीने ठोकत, पटाशीने टोचत मी पुढे सरकलो. दोन बदलल्या. मग दारावर आलो आणि ठोकले.

आवाज बसका आला. पुन्हा ठोकले. पुन्हा तसाच. रंगाखाली पटाशी अलगद आत गेली, भिजल्या भाकरीत बोट जावे तशी.

खाली उस्मानभाई हसत होते. “क्या रे महादू, कित्ता ठोकता? अंदर कोई सोरा क्या?”

मी मामांकडे पाहिले. ते मान खाली घालून बसले होते. त्यांनी तो आवाज ऐकला नसेल? ज्यांनी मला आवाज ओळखायला शिकवले, त्यांनी? पण त्यांच्या मौनाआड मला लपता येत नाही. शिडीवर मी होतो. तोंड माझे होते.

“पक्की,” मी म्हणालो.

श्रावणातल्या एका झडीत पन्हळ भरून वाहत असताना हूक उपसले गेले आणि ती अख्खी खाली आली. पाटलांची थोरली सून दारातून बाहेर पडत होती. तिचा हात खांद्याजवळ मोडला.

पाऊस उघडताच अंगणात गाव जमले. पाटील ओरडले. “उस्मान, हूक ठोकले का दाभणं टोचली रं? माझ्या सुनंचा हात गेला!”

“मेरे हुकां बराबर हैं, पाटील. फली ने छोड़ा.” उस्मानभाई माझ्याकडे वळले. “तूच देखा ना रे, महादू? बोल सबके सामने.”

त्या क्षणी मला राग आला. कुणाचा, ठाऊक आहे? उस्मानभाईंचा! चारचौघांत मला का विचारावे? मामांसमोर का? ज्याचा गळा मी आवळत होतो, त्याने सुटायची धडपड करावी, याचाच राग!

“फळी बराबर व्हती,” मी म्हणालो.

कुणीतरी थुंकले. कुणीतरी म्हणाले, यानं पत्र्यात चोरी केली आसंल. उस्मानभाई फक्त माझ्याकडे पाहत राहिले.

गाव पांगले, घरची माणसे सुनेला हाडवैद्याकडे घेऊन गेली, तेव्हा मी शिडी लावली. ज्या फळीला हात लावायला मी धजलो नव्हतो, ती मीच उतरवली. हातात भुगा झाला. तिच्या जागी नवी ठोकली, तोच रंग फासला, आणि जुनी बंबात जाळली. दुसऱ्या दिवशी उस्मानभाई फळी बघायला आले. वर चढून त्यांनी फळीवरून हात फिरवला आणि खाली उतरून चालू लागले. सुताराच्या पोराने आपल्या मामाची मुहूर्ताची फळी बदलली, हे त्यांनी ओरडून सांगितले असते, तरी कुणी खरे मानले असते?

गावाने त्यांना काम देणे बंद केले. बादलीचे बूड बसवायलाही कुणी बोलावीना. दसऱ्याआधी ते बायकोला घेऊन गाव सोडून गेले. मामा पुढे सन्मानाने वारले. पागोटे डोक्यावर ठेवूनच त्यांना नेले.

एकदा भोकरदनच्या बाजारात उस्मानभाई दिसले. तरटाच्या सावलीत जुना कंदील ठोकत बसले होते. दाढी पिकलेली. गर्दी होती, पण त्यांनी मला पाहिले, ओळखले. हातोडी थांबली. ते वाट पाहत होते, मला कळले — माझ्या तोंडून एक वाक्य निघायची. माझ्या गावचे चारपाच जण सोबत होते.

मी वळलो. बाजार केला. घरी आलो आणि पोटभर जेवलो.