दुसऱ्या झाकणावरची तुळस

दुबईपलीकडच्या रास अल खैमातलं आमचं घर विकायला काढलं, तेव्हा एजंटाने छापलेली पुस्तिका वाचून मलाच ते विकत घ्यावंसं वाटलं. तीत समुद्राची झुळूक होती, डोंगर होते, 'जीवनशैली' तर तीनदा होती. आमच्या भागात गटाराची लाइन नाही, सगळं अंगणाखालच्या सेप्टिक टँकमध्ये जातं, हे मात्र नव्हतं. खरेदीदार इजिप्तचा शिक्षक. त्याने पुस्तिका बाजूला ठेवून एकच अट घातली: टाकी तपासून अहवाल द्या, मगच सही. माझी नोकरी संपली होती आणि व्हिसा महिनाभराचाच उरला होता. तो फिरला असता, तर घराला कुलूप लावून पुणं गाठावं लागलं असतं.

तपासायला आले ते पेशावरकडचे, पन्नाशी ओलांडलेले चाचा. टँकरवाला नेहमी ज्यातून उपसतो ते झाकण त्यांनी उघडलं, आत बॅटरी मारली आणि विचारलं, "दूसरा ढक्कन किधर है?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने तुळशीकडे पाहिलं. अंगणात एक चौकोनी, उंचवटा असलेली जागा आयती मिळाली, म्हणून बारा वर्षांपूर्वी आम्ही तिच्यावर फरशा बसवून वृंदावन ठेवलं होतं.

"अहो, म्हणजे इतकी वर्षं मी दिवा..." बायको म्हणाली.

एजंट घड्याळ बघत म्हणाला, "यल्ला चाचा, एक देखा ना? खलास. ठीक है लिख दो."

"आधा देखा, तो आधा लिखूँगा," चाचा म्हणाले. मग बायकोला, "बेटी, ये इबादत की चीज़ है, आप उठाओ. मेरा हाथ टंकी का है."

तिने तुळस मातीसकट बादलीत घेतली. मग चाचांनी वृंदावन सरकवलं, फरशा काढल्या. दुसरा कप्पा उपसून, धुऊन पाण्याने भरला, पातळीवर खिळ्याने रेघ ओढली आणि गेले. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या दोन बोटं खाली.

"गर्मी है चाचा, पानी उड़ गया," एजंट म्हणाला.

"बंद टंकी से?"

नोकरीत मी शेकडो अहवाल वाचले, काही लिहिलेही. त्यातला एकही चाचांच्या अहवालाइतका स्वच्छ नव्हता. चार ओळी: तडा कुठे, किती लांब, काय करावं लागेल, पुन्हा कधी तपासायचं. विशेषण एकही नाही. एजंटाने तो मृत्युलेख वाचावा तसा वाचला.

शिक्षकाने दोनदा वाचला. "दुरुस्ती कोण करणार?"

"मी. इन्शाल्ला, लवकरच."

"इन्शाल्ला मी म्हणतो. तुम्ही तारीख सांगा."

मी सांगितली. मिस्त्रीने तडा बुजवला, चाचांनी पुन्हा टाकी भरून रेघ ओढली. दुसऱ्या सकाळी शिक्षक स्वतः झाकणापाशी गुडघे टेकून बसला, बराच वेळ आत बघत राहिला. पाणी रेघेवर होतं. उठून त्याने पँट झटकली आणि चाचांकडूनच पेन मागून घेऊन सही केली.