डॉक्टरांचा अर्धा निरोप

नवरा गेला, त्यालाही हे ठाऊक नव्हतं. भावाला नाही, मुलाला नाही. सुनेला तर नाहीच. तुम्हाला सांगते — कारण तुम्ही माझ्या घरचे नाही.

मी रामनगरला भाताची गिरण चालवते. पट्टा तुटला तर स्वतः जोडते. रडत बसणं मला जमत नाही, इथंही रडणार नाही. पण सुरुवात कुठून करू? नातीपासून करते. तिच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही — थॅलेसेमिया. दर महिन्याला बेळगावला नेऊन दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. तिची आई सुजाता माझी सून, आणि माझ्या भावाची मुलगीही. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला मान. त्या रिवाजानंच तिला घरात आणली. लग्नाआधी ती मला आत्ती म्हणायची, नंतरही आत्तीच.

तिला दुसरं मूल हवं होतं. एक दिवस मोबाईल घेऊन गिरणीत आली.

"आत्ती, गर्भातच जीन का काय ते दुरुस्त करतात म्हणं. मग हे दुखणं येतच न्हाई."

"व्हय की. आनि बिघडलं तर कुठल्या फिटरकडं न्हेशील?"

ती हसली नाही. "चेष्टा नको. तुमीच इचारून या. डॉक्टरांम्होरं माझी जीभ उचलत न्हाई."

पुढच्या खेपेला ती नातीजवळ बसली आणि मी एकटीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. नवीनच आलेले, भला माणूस. आजवर घाईगर्दीत कुणी एवढं समजावलं नव्हतं. म्हणाले, गर्भाच्या जनुकांत बदल करून मूल जन्माला घालायला आपल्याकडे परवानगी नाही. जनुकं कापायची ती कात्री नको तिथं लागली तर काय होईल, कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. आणि ती चूक त्या मुलाच्या मुलाबाळांतही उतरू शकते. मग म्हणाले — हे नीट ऐका — तुम्हाला त्याची गरजही नाही. दिवस राहिले की लगेच या, बाळाला हा आजार आहे का ते लवकर तपासता येतं. पुढचं आईबापांनी ठरवायचं.

"सुनेला आत पाठवा, मी समजावतो. खरं तर लग्नाआधी दोघांचं रक्त तपासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं?"

"नाही," मी म्हटलं.

मला माहीत होतं. मुलगा पोटात असताना माझ्याच रक्तात हा दोष निघाला होता. तुम्हाला काही होणार नाही, तेव्हाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पण मुलाचं लग्न जमवाल तेव्हा दोघांचं रक्त तपासून घ्या, दोघांतही दोष असला तर पोराबाळांना आजार होतो — नात्यात जमवलंत तर नक्कीच. विसरले म्हणू? विसरले नव्हते. सुपारी फुटली त्या दिवशीही आठवलं होतं. पण भाऊ खुश होता, पोरगी कामाची, पाहिलेली — आणि दोष आपल्या रक्तात आहे, हे मांडवात कोण बोलणार?

त्या खोलीत सुजाता गेली असती, तर डॉक्टरांनी लग्नाआधीच्या रक्ताचं तेच वाक्य तिच्यासमोर म्हटलं असतं. तोच प्रश्न विचारला असता. म्हणून तिला पाठवलंच नाही. बाहेर येऊन अर्धाच निरोप दिला. गर्भाला हात लावणं धोक्याचं, म्हटलं. ज्या जीवाला अजून तोंड फुटलं नाही, त्याच्या पोराबाळांपर्यंतचं आपण कोण ठरवणार? घरात, शेजारी, बायकांच्या बैठकीतही हेच ठासून बोलले. सगळ्यांच्या माना डोलल्या. चीड येते ती याचीच — त्यातलं काहीच खोटं नव्हतं. आजही मला ते पटतं. खरं बोलून मी दिवस राहिल्यावरच्या तपासणीची गोष्ट गिळली.

सुजाताला दिवस राहिले. गर्भाला हात लावायचा नाही, म्हणून तिनं काहीच तपासलं नाही. नऊ महिने काढले. पोरगा निरोगी निघाला. यात माझं शहाणपण कसलं? निव्वळ नशीब. पण ती येईल त्याला सांगते, "आत्तीचं ऐकलं, म्हणून झालं बगा." मी गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवते.

बेळगावला अजूनही मीच सोबत जाते. सुई टोचायच्या आधी नात आपणहून हात पुढं करते आणि मला म्हणते, "आज्जी, तू तिकडं बग. तुला बगवत न्हाई."

मी तिकडं बघते.