सपाट रस्ता मला नको होता

पाडव्याच्या सुट्टीत सायकली घेऊन कुठं जायचं, हे ठरवायला आम्ही चौघं बिदरमध्ये चहाला बसलो होतो. दर रविवारी शहराजवळच्या कोळार गावापर्यंत सायकल मारणारे आम्ही. तीन तरुण आणि पन्नाशी ओलांडलेली, शाळेत गणित शिकवणारी मी.

"समुद्रकाठी जाऊ," एकजण म्हणाला. "रस्ता सपाट. अक्कांना झेपंल."

"मला कामून पुढं करायलास?" मी विचारलं. "सपाट रस्ता तर आपल्या दारातच हाय. मला मुल्लयनगिरी चढायचीय, कर्नाटकातला सगळ्यात उंच डोंगर."

शेवटी तिघं तयार झाले, पण माझ्यासाठी म्हणून मागं जीप ठेवली.

त्या डोंगरावर सगळ्यात हलक्या गिअरवरही माझ्यानं पेडल फिरेना. दोनदा उतरून सायकल ढकलली. जीप शेजारी येऊन थांबली आणि ड्रायव्हरनं दार उघडलं.

"बसा, अक्का. कुणी काही म्हणणार न्हाई."

"दार लावा," म्हणत मी परत सायकलवर बसले.

रस्ता संपतो तिथं मी सगळ्यात शेवटी पोचले. लहान मुलीसाठी वाजवाव्यात तशा टाळ्या तिघं वाजवत होते. मला रागच आला.

"टाळ्या पुरे," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी उटीचा घाट. आणि जीप लागली, तर तुमच्यासाठी ठेवा."