एसी मी बंद करत हुते

मला पॅनेलरूममधलं काम मिळालं तवा माझी पोरगी आठ महिन्याची हुती. साखर कारखान्यात ठेकेदार झाडूपोछ्याला बायका घेत हुता. बाकीच्या सगळ्या मिलकडं नायतर यार्डात, तितं उसाचा भुस्सा असा उडतोय की संध्याकाळी केसातनं मूठभर निघतोय. मला तेवढं पॅनेलरूमला घातलं, कारण पोरगी संगट हुती, घरात ठेवायला कोण नव्हतं, मालक उसाच्या ट्रॅक्टरवर आन सासू गावाकडं म्हशीपशी.

पॅनेलरूम म्हंजे टर्बाईनच्या शेजारची काचेची खोली. बॉयलरची वाफ टर्बाईनला फिरवती, टर्बाईन वीज करती आन त्या विजेवर अख्खा कारखाना चालतोय. खोलीत लोखंडी कपाटं उभी, त्यात दिवे लुकलुकत असायचे. एसी चोवीस तास. तितं बसायचे एक ऑपरेटर, रिटायरला आलेले, सगळी त्यास्नी मामा म्हणायची, मी पण. पोरगीला बघून पहिल्या दिवशी मला वाटलं हाकलतील. तर म्हणाले, "निजू दे तिकडं मागं. माझ्यापेक्षा कमी घोरती."

कपाटामागं वाकळ घालून मी तिला निजवायचे. टर्बाईनच्या आवाजानं ती जागी व्हायची न्हाय, उलट आवाज नसला की रडायची.

मग तिला खोकला झाला. डॉक्टर म्हणाले गार वाऱ्यात ठेवू नका. आता मी कुटं ठेवू? खोली बर्फावानी. वाकळ दोन केल्या, टोपरं घातलं, तरी नाक गळायचं. दुपारी मामा डबा खायाला कँटीनला जायचे, तिथनं आले की खुर्चीत जरा डोळा लागायचा. त्या टायमाला मी एसीचं बटन खाली करायला लागले. कारखान्याचे मोठे साहेब चारला फेरी मारायचे, त्याच्या आदी परत वर. पहिल्या दिवशी दारावर नजर ठेवूनच केलं. काय झालं न्हाय. दुसऱ्या दिवशी पण काय झालं न्हाय. मग रोजचंच झालं, धा-बारा दिवस केलं आसंल मी.

एकदा मामा म्हणाले, "आज जरा उबारा वाटतोय काय गं?"

"न्हाय मामा, तुमी जेवून आलासा नव्हं, म्हणून."

भिंतीला पारा लावलेला हुता, खोली किती गरम हाय ते बघायला, आन दर तासाला रजिस्टरमधी त्यो आकडा लिवायचा हुता. मामा पाऱ्याकडं न बघताच लिवायचे. बावीस. परत बावीस. मी सातवीपतोर शिकलेली, आकडा वाचता येतोय मला. पाऱ्यात दुपारी तेहतीस-चौतीस असायचं आन वहीत बावीस. मला ते बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आन एक दिवस दुपारी, मी बटन खाली करून पोरगीला पाजत बसलेते, टर्बाईन बसली. म्हंजे आवाज खाली खाली जात गेला आन थांबला. सगळा कारखाना गप. मिल थांबली, उसाचा पट्टा थांबला, दिवे गेले. पोरगी जी रडाय लागली. मी उठून एसीचं बटन आदी वर केलं, वीजच नव्हती तरी केलं.

डिझेलचं जनरेटर लावल्यावर पॅनेलमधी तांबडा दिवा लागला त्यो जाईचना. इलेक्ट्रिकवाले आले, फ्यूज बदलले, वायरी हलवल्या. मामांनी कपाटाचं दार उघडून आत बघितलं आन म्हणाले, "कार्ड गेलं."

वाफ किती सोडायची, टर्बाईन किती वेगानं फिरवायची, हे सगळं ते कार्ड ठरवतंय. टर्बाईनचं डोस्कंच म्हणा की. मीच घालवलं, दुसरं कोण? मामा रोज सांगायचे, ह्या खोलीत गारवा माणसाला न्हाय, पॅनेलला हाय. ऐकलेलं हुतं मी. तरी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहनं इंजिनेर आले, तरुणच हुते, चष्मा, खांद्याला पिशवी. यार्डात तवर बैलगाड्या आन ट्रॅक्टर रस्त्यापतोर लागलेले, ऊस वाळायला लागलेला, गाडीवान ओरडत हुते. मोठे साहेब मागंच उभे. मामा म्हणाले, "पावणं, चहा घ्या आदी."

"चहा नंतर. दिवस जायला नको."

पिशवीतनं त्यांनी चांदीवानी चकाकणारी एक थैली काढली, तिच्यात नवं कार्ड. मनगटाला एक पट्टा बांधला, त्याची वायर कपाटाच्या लोखंडाला लावली. इलेक्ट्रिकवाल्यास्नी तिकडं बॅटऱ्या बघायला धाडलेलं, मामांची नजर अधू, म्हणून मला म्हणाले, "ताई, जरा टॉर्च धरता का? आत दिसत नाहीये."

एका काखंत पोरगी, एका हातात टॉर्च. पोरगी उजेडाकडं झेप घ्यायची.

"बाळाला कार्डाला हात लावू देऊ नका हं."

"न्हाय हो साहेब."

"आणि तुम्ही पण नका लावू. आपल्या अंगात वीज असते थोडी. आपल्याला कळत नाही, पण हे मरतं तेवढ्यानं."

मी टॉर्चवाला हात सोडून सगळं अंग मागं घेतलं. मोठे साहेब म्हणाले, "अगं बाई, उजेड कार्डावर पाड, छताला काय बघायचंय?"

इंजिनेर साहेबांनी सप्लाय, म्हंजे कार्डाला वीज देणारा डबा, बंद केला, जरा थांबले, मग जुन्या कार्डाचे दोन्हीकडचे खटके दाबून ते हळू बाहेर ओढलं. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवली. कार्डावर बारक्या बारक्या टोप्या असतात, तांदळापेक्षा जरा मोठ्या, दोन तारांवर बसवलेल्या. जुन्यावर जिथं टोपी, नव्यावर तिथंच पाहिजे. ते एक एक चिमट्यानं काढून बसवत हुते आन मला म्हणाले, "बघा बरं तुम्ही, काही चुकलंय?" मी बघितलं. तिसऱ्या रांगेत एक उलट्या बाजूला हुती.

"ही हितली तिकडं हाय, साहेब."

"शाब्बास!" म्हणाले आन हसले. मला हसू आलं न्हाय. एवढं गोड बोलायलंय माणूस आन ह्याला म्हायती न्हाय मी काय केलंय.

जुन्या कार्डावरची एक चौकोनी काळी चिप काढून त्यांनी नव्यावर बसवली, कार्ड खाचंत सरकवलं, खट्ट झालं. पण सप्लाय चालू केला न्हाय. जुनं कार्ड हातात घेऊन वास घेतला, मला पण दाखवलं, एका जागी तपकिरी डाग पडलेला, भाकरी करपल्यागत.

"हे तापून गेलंय. खोली गरम होत होती का?"

मामा म्हणाले, "छे. बघा की रजिस्टर."

इंजिनेर साहेबांनी पानं उलटली. बावीस, बावीस, बावीस. सकाळी बावीस, दुपारी बावीस.

"मग सप्लायमध्ये दोष असणार. तो सापडल्याशिवाय मी चालू करणार नाही. सगळा सप्लाय खोलून तपासायचा, उद्या संध्याकाळपर्यंत तरी."

मोठे साहेब भडकले. "उद्या? बाहेर बघा जरा! कार्ड बसलंय नव्हं, मग लावा की!"

"लावलं आणि हे पण जळलं तर? दुसरं कार्ड नाहीये साहेब. बाहेरच्या देशातनं यायचं, दीड-दोन महिने. तुमचा सीझन संपेल."

मी मामांकडं बघितलं. मामा रजिस्टरकडं बघत हुते. बोलले तर माझं काम जाणार, ते ठरलेलंच, पण मामांची वही खोटी पडणार, त्याचं काय? ज्यानं माझ्या पोरीला जागा दिली त्याचंच नाव मी घेणार. आन न्हाय बोलले तर बाहेर ती गाड्यांची रांग, त्यातल्याच एका ट्रॅक्टरवर माझे मालक.

"साहेब," म्हणले, "दुपारचा एसी मी बंद करत हुते."

मामा म्हणाले, "गप ए. तुला काय कळतंय त्यातलं?"

"करत हुते मामा. पोरगीला खोकला हुता. तुमी जेवाय गेल्यावर. रोज दोन-तीन तास. पाऱ्यात चौतीस असायचं."

मोठे साहेब माझ्या अंगावर आले, "अगं ए बये, तुझ्या पोरीच्या खोकल्यापायी अख्खा कारखाना—" आन मग मामांकडं वळले, "आन हे बावीस कुणी लिवलं?"

"मी," मामा म्हणाले. एवढंच.

इंजिनेर साहेबांनी खाली वाकून कपाटाच्या तळाची जाळी स्क्रू काढून सोडवली. आत बारका पंखा हुता, आन जाळीला भुश्श्याचा असा थर की नखानं वाकळंगत सोलून निघाला. पंखा फिरतच नव्हता. त्यांनी त्यो थर मोठ्या साहेबांपुढं धरला.

"ही जाळी दर महिन्याला साफ करायची असते. कोण करतं?"

ते काम मोठ्या साहेबांच्याच मेंटेनन्सच्या माणसांचं हुतं.

"नुसत्या एसीनं गेलं नसतं, नुसत्या पंख्यानं पण बहुतेक नाही. दोन्ही बंद म्हणून गेलं. आता मला कारण कळलं, बास." मग मला म्हणाले, "ताई, टॉर्च."

जाळी धुतली, दुसरा पंखा बसवला. सप्लाय मीटर लावून बघितला, बरोबर आला. मग बटन दाबलं. तांबडा दिवा दोनदा चमकला, गेला, आन हिरवा लागला. लॅपटॉप जोडून आकडे भरले. मोठे साहेब मला म्हणाले, "आता तू बाहेर हो." मी टॉर्च टेबलावर ठेवली आन पोरगीला घेऊन बाहेर आले. टर्बाईन हळूहळू फिराय लागली, आवाज चढत गेला, भोंगा झाला, गाडीवानांनी आरडा केला. मी भिंतीकडंला बसून रडले. कशाला रडले ते मला पण नीट सांगता येत न्हाय, भ्या संपल्यावर रडू येतंय तसलं आसंल.

काम गेलं न्हाय माझं. ठेकेदारानं साखरेच्या गोडाऊनला घातलं, तितं उबारा हाय, पोरगीचा खोकला पण गेला. मामांना मात्र ऑफिसातनं मेमो मिळाला. मला कळलं तवा मी तीन दिवस त्यांच्या वाटंत आले न्हाय. चौथ्या दिवशी कँटीनमागं लिंबाखाली समोरासमोर आलो, पळायला जागा नव्हती.

"मामा, माझ्यावर राग हाय काय?"

"हाय की. लई हाय. एवढ्या वर्षात एक कागद आला नव्हता मला."

मी मान खाली घालून उभी. ते पण उभे. पोरगी माझ्या काखंत, डबा हातात, एका हातानं झाकण उघडंना.

"दे तिला हिकडं," म्हणाले. "खाऊन घे."

पोरगीला घेऊन ते माझ्याकडं पाठ करून बसले. मी भाकरी पाण्याच्या घोटावर गिळली, घाईनं, कारण त्यांची सुट्टी संपायला दहाच मिनटं राहिलेली.